एक कोट दोघींना कसा पुरेल

मावशी,

पिनरच्या त्या घराची किल्ली मागच्या महिन्यात एस्टेट एजंटच्या हातात ठेवली, आणि तेव्हापासून तुला एक गोष्ट विचारायची आहे. तू असतीस तर हातातलं काम न थांबवता "विचार की, कुणी धरलंय?" म्हणाली असतीस. तू नाहीस. अण्णाही तुझ्यामागून गेले. ज्यांना विचारता आलं असतं अशी घरात तुम्ही दोघंच होतात.

माझा धंदा आता बरा चालतो. तू होतीस तेव्हा त्याला धड रूपही नव्हतं. फॅक्टरीने आम्हाला कमी केलं, मी चाळिशीच्या तोंडावर पुन्हा तुमच्या एजवेअरच्या घरी, पलंगापुरत्या बॉक्स रूममध्ये राहायला आलो, आणि एका शेजाऱ्यांचं गॅरेज रिकामं करून दिलं तिथून हे सुरू झालं. लोक विचारायचे, मुलगा काय करतो. तू सांगायचीस, लोकांची घरं लावून देतो. आणि ऐकणाऱ्या बायकांना वाटायचं मी भाड्याने घरं मिळवून देतो. दोघीतिघी तर डिपॉझिट किती म्हणून विचारायलाही आल्या होत्या. मी हे काम कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये माल लावताना शिकलो, लायब्ररीतली पुस्तकं वाचून शिकलो, आणि उरलेलं स्वतःच्या डोक्याने जुळवलं. आज हॅरो, पिनर, एजवेअर या पट्ट्यात आपल्या माणसांच्या घरातला छपराखालचा लॉफ्ट उघडायचा म्हटलं की मलाच बोलावतात. एका जातीच्या सगळ्या वस्तू आधी एका जागी जमिनीवर मांडायच्या, मगच ठरवायचं, हा माझा नियम. हिरवी चिकटी राहणाऱ्या वस्तूला, पिवळी चॅरिटी शॉपला, लाल भंगाराच्या स्किपमध्ये जाणाऱ्याला. आणि चिकटी लावण्याआधी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न: हे कुणाचं?

हा प्रश्न तुझा आहे, हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही. एजवेअरच्या तुझ्या स्वयंपाकघरावर मी पहिला हात चालवला होता, आठवतं? तू देवळात गेली होतीस. मी तुझे डबे, बाटल्या, बरण्या सगळं खाली काढलं, मसाले एकसारख्या जॅमच्या बाटल्यांत भरले, वर सुवाच्य अक्षरात नावं चिकटवली, रोजचं खाली आणि सणावाराचं वर. तू दारात उभी राहिलीस. कोट अंगात तसाच. म्हणालीस, "माझ्या हाताला विचारलंस का?" मी म्हणालो, मावशी, आता सगळं दिसतं तरी. "मला कुठे बघून लागतं? आंधळा केलास माझा हात." मग गळ्याशी बोटं नेलीस, तुझी सवयच ती, आणि आवाज खाली आणून म्हणालीस, "कुणाच्या घरातलं उचलायचं तर आधी विचारावं. ज्याचं असेल त्याला. घरात जो दिसतो त्याला नव्हे."

तुझ्या गळ्याशी काय होतं ते मला फार लहानपणापासून माहीत आहे. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई, काळ्या दोऱ्यात, मंगळसूत्राच्या जरा खाली. माझ्या आईचा टाक. दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, घरात नवं काही आलं की आधी तिला दाखवायचं, मग आपण वापरायचं, ही आपल्याकडची रीत मला कुणी समजावून सांगितली नाही. ती मी तुझ्याकडे बघत शिकलो. गावाकडच्या घरात तू नवं लुगडं घडीसकट टाकाला लावून उभी आहेस, डोळे मिटलेले, आणि मी चुलीपाशी बसून वाट बघतोय, कारण तुझं झाल्याशिवाय भाकरी मिळणार नाही. मी विचारतो, "नेसली का ती?" तू म्हणतेस, "नेसली. आता माझं." मला मारायचं असलं तरी आधी हात गळ्याकडे जायचा. परवानगी आधी, चपराक नंतर. मधल्या वेळात मी पळून जायचो, आणि तू म्हणायचीस, "बघ, तुझ्या आईनेच सोडवलं तुला." मी धंदा सुरू केला तेव्हा तू मला तपकिरी रंगाचा कामाचा कोट आणलास, टेप आणि मार्कर राहावा म्हणून आतून स्वतःच्या हाताने खिसे शिवलेस, तोही आधी टाकापुढे धरलास, आणि माझ्या हातात देताना म्हणालीस, "हा आम्हा दोघींकडून." मी हसलो होतो. तू हसली नव्हतीस.

तर पिनर. घर एका डॉक्टरांचं. डॉक्टर गेले त्याला वर्ष होत आलेलं, मागे त्यांची बायको एकटी. मी त्यांना काकू म्हणायचो. बारीक चणीच्या, केस मानेवर आखूड कापलेले, बोलणं कमी. मुलगी इथेच जन्मलेली, हॅरोत फ्लॅटमध्ये राहते, तिनेच मला फोन केला होता. दारातच मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "अंकल, मम्मीची सगळा वस्तू डबल आहे. एव्हरीथिंग. नोआज आर्क झालाय घराचा. अँड शी वोन्ट लेट मी टच इट." घर विकलं गेलं होतं, पैसे आणि किल्ली बदलायचा दिवस सॉलिसिटरने ठरवून दिला होता, काकू मुलीकडे राहायला जायच्या होत्या, आणि मुलीकडे त्यांच्यासाठी एक छोटी खोली आणि एक कपाट. "इफ शी डझन्ट मूव्ह, घराची सेल पडेल, कॅन्सल होईल. आणि ती इथे एकटी जिन्यावरून पडेल. प्लीज, अंकल. तुमचं ऐकेल ती."

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त कोट. पुढच्या हॉलमधले, जिन्याखालचे, बेडरूममधले, लॉफ्टमधले, सगळे लाउंजच्या कार्पेटवर आडवे. मुलगी म्हणाली तसंच होतं. दर काही वर्षांनी घेतलेले दोन दोन कोट, एकाच दुकानाचे, एकाच कापडाचे. त्यातला एक वापरून मऊ झालेला, दुसरा कोरा, खिसे अजून दुकानातल्या टाक्यांनी शिवलेले. बूटही तसेच. गरम पाण्याच्या पिशव्या, छत्र्या, हातमोजे, दात घासायचे ब्रशही. मी अशी घरं पाहिली आहेत, टंचाईत वाढलेली माणसं दोन घेऊन ठेवतात, एक असावं म्हणून. मी काकूंना तसं म्हणालो. त्या चहाचे कप घेऊन आल्या होत्या, तीन कप, आणि खोलीत आम्ही दोघंच. त्या वाकल्या तेव्हा कार्डिगनच्या गळ्यातून काळा दोरा बाहेर आला.

"काकू," मी म्हणालो, "तुम्ही दुसरेपणावर आलात का?"

त्यांनी कप खाली ठेवले. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझ्या मावशीच्या गळ्यात होता."

त्या कार्पेटवरच बसल्या, कोटांच्या मधल्या मोकळ्या जागेत. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. डॉक्टरांची पहिली बायको लग्नानंतर लवकरच गावी तापाने गेली, मूलबाळ नव्हतं, विलायत तिने पाहिली नाही. डॉक्टरांना असलं काही पटायचं नाही, पण त्यांनी कधी काढायलाही लावलं नाही. मी विचारलं, पण रीत तर दाखवण्यापुरती आहे ना, दोन कशाला घ्यायचं? काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की इतकं साधं कसं कळत नाही. "तिकडे दाखवलं की भागायचं, भाऊ. इकडे थंडी. मी कोट घालून बाहेर पडले, तर ती काय घालणार? एक कोट दोघींना कसा पुरेल?"

मला यात हसू आलं नाही, मावशी. मला त्यातला हिशोब पटला, आणि तेच मला आवडलं नाही.

मी चिकट्या लावायला घेतल्या. कोणत्या कोटांना हिरवी लावायची ते ठरेना, म्हणून निदान क्रमाने लावावेत म्हणून जुन्यापासून नव्यापर्यंत दोन ओळी केल्या, एक काकूंची, एक त्या पहिलीची. ओळी लावल्या की मला चुका दिसतात, तशी एक दिसली. काकूंच्या ओळीत सगळे कोट एकाच मापाचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुसऱ्या ओळीतला पहिला कोट काकूंच्याच मापाचा. पुढचा एक माप मोठा. मग आणखी एक. खांद्यात रुंद, पोटावर सैल, शेवटचा मरून रंगाचा तर चांगल्या भरलेल्या बाईला बसेल असा. बूट पाहिले. आधी टाचांचे, मग बसक्या टाचांचे, मग सपाट, आत मऊ गादी घातलेले. मी लेबलं पुन्हा तपासली, उजेडात नेऊन. चूक नव्हती.

"हे तुम्ही मुद्दाम मोठे घेतलेत?"

"तिचं अंग सुटत गेलं," काकू म्हणाल्या. "बायकांचं सुटतं. माझंच नाही सुटलं. आणि आता गुडघे दुखतात तिचे, जिना चढताना थांबते."

"तुम्हाला कसं कळतं?"

"एका घरात राहून कळणार नाही?"

तो मरून कोट मी हँगरवरून काढला, घडी घालायला. घडी घालताना मी कॉलर नेहमी उलटून बघतो, कसर तिथून लागते. खिसे टाके घालून बंद, दुकानाचं लेबल बाहीला लटकलेलं. आणि कॉलरच्या आत, मधोमध, तेलाचा डाग. बोटभर रुंद, खाली पाठीवर वीतभर उतरत गेलेला, तेल लावलेली वेणी घासते तिथे पडतो तसा. मी काकूंच्या आखूड केसांकडे पाहिलं. शेकोटीवरच्या मँटलपीसवर फोटो होता, मुलगी शाळेच्या गणवेशात, शेजारी काकू, केस तेव्हाही इतकेच आखूड. कोट त्या फोटोच्या कितीतरी नंतरचा. मी कॉलर परत उलटी केली, कोट हँगरला लावला आणि म्हणालो, आज एवढं पुरे.

त्यानंतरच्या दिवसांत मी भांडी, पुस्तकं, डॉक्टरांचे कपडे सगळं पार पाडलं. लाल, पिवळं, हिरवं, कुठे अडलं नाही. अडलं फक्त त्या दोन ओळींपाशी. मुलगी रोज फोन करायची. "अंकल, काय म्हणते ती?" मी सांगायचो, विचार करतायत. खरं उत्तर मुलीला देण्यासारखं नव्हतं. काकू रोज गळ्यातला टाक काढून देवाच्या कोनाड्यात उभा करायच्या आणि त्याला तांदळाचे ओले दाणे चिकटवून कौल लावायच्या. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. दाणे पडतच नव्हते. सकाळी लावलेले संध्याकाळीही तिथेच, वाळून पांढरे झालेले. "ती अजून काही बोलली नाही," एवढंच काकू म्हणायच्या. "मी तिला इथे एकटी टाकून कशी जाऊ? आणि दोघींना त्या खोलीत जागा कुठे आहे? एकीचंच मावेल."

घर सोडायचा दिवस आला. मी सकाळी पोचलो तेव्हा काकू तयार होत्या, आंघोळ झालेली, चेहरा मोकळा. "हो म्हणाली," त्या म्हणाल्या. "उजवा पडला."

मला किती हायसं वाटलं काय सांगू. मी काळ्या पिशव्या उघडल्या. "मग तिची ओळ चॅरिटीला?"

"नाही. माझी."

"काकू, तुमची म्हणजे ही. बारीक मापाची. तुम्ही वापरता ती."

"हो, ती. माझं सगळं काढा. तिचं राहू दे."

मी पुन्हा विचारलं. शब्द बदलून आणखी एकदा विचारलं. माझा नियम होता, ज्याचं असेल त्याला विचारायचं, आणि वस्तू त्यांच्याच होत्या. मी पिशव्या भरल्या. काकूंचा रोजचा कोट दारामागे टांगलेला होता, तोही त्यांनीच काढून माझ्या हातात दिला. मग मरून कोट उचलला, लेबल तोडलं आणि मी मागून धरला तेव्हा त्यात हात घातले. खिशात हात घालायला गेल्या तर टाके. "हे काय हो?" म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या, नवीन कोटाचे खिसे शिवलेले असतात हे जणू कधी ऐकलंच नव्हतं. मी माझ्या कात्रीने टाके कापून दिले. आणि मावशी, माझी नजर मापाला चुकत नाही, हे तुलाही माहीत होतं, दुकानात तू मला ब्लाउजपीस डोळ्याने मोजायला लावायचीस. तो कोट त्यांना बसला. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर. पाठीवर एक सुरकुती नाही. बटणं लागली, आणि बटणांच्या आत त्या भरून होत्या.

बाहेर मुलीने गाडी सुरू ठेवली होती. काकू पायरीवर आल्या, थांबल्या, वर करड्या आभाळाकडे पाहिलं आणि दोन्ही हात खिशात खोल घालून म्हणाल्या, "अगं बाई, इतकी थंडी असते होय इकडे?"

मुलगी खो खो हसली. "मम्मी! सगळा लाइफ पिनरमध्ये काढला तू! अँड लुक ॲट यू, किती छान दिसते. कधी घेतली हा कोट?"

मी आत वळलो आणि देवाच्या रिकाम्या कोनाड्यात टाक दिसला. काळ्या दोऱ्यासकट. आजूबाजूला वाळलेले दाणे. मी तो मुठीत घेऊन धावलो, गाडीच्या काचेवर टकटक केलं. "काकू, हे राहिलं." त्यांनी काच खाली घेतली, माझ्या तळहाताकडे पाहिलं. ओळखीचं काही त्यांच्या डोळ्यांत आलं नाही. "माझं नाही ते, भाऊ," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "तिचं आहे. तिच्या सामानात घाला." आणि गाडी गेली.

मी परत आत आलो, पिशव्यांच्या मध्ये उभा राहिलो. त्या बारीक कोटांकडे बघवेना. टाक सामानात घातला नाही, तो अजून माझ्याकडेच आहे. मुलीचा परवा फोन होता, आभार मानायला. "शी इज अ डिफरंट पर्सन, अंकल. रोज काहीतरी गोड बनवते. गाणी म्हणते कूकिंग करताना. आय नेव्हर न्यू शी कुड सिंग!" ती खूश होती. तिची आई जिन्यावरून पडली नव्हती, सेल पडली नव्हती, कपाटात सगळं मावलं होतं. माझं काम चोख झालं होतं. मी म्हणालो, छान, केस वाढवतायत का? ती म्हणाली, "हो! हाउ डिड यू नो?"

आणि फोन ठेवल्यावर मला एजवेअरच्या स्वयंपाकघरातली तुझी शेवटची वर्षं आठवायला लागली, मी बॉक्स रूममध्ये राहत होतो ती. तुझी आमटी आयुष्यभर एकच होती, पातळ, चिंचेची, जीभ आवळणारी, गुळाचा खडा नाही. त्या हिवाळ्यात एक दिवस तू ताटं वाढलीस, अण्णांनी वाटी तोंडाला लावली आणि तशीच धरून ठेवली. दाट आमटी. गूळ, भाजलेलं सुकं खोबरं. अण्णा म्हणाले, "आज आमटी कुणी केली?" तू म्हणालीस, "घरात बाई एकच. कोण करणार?" आणि हसलीस. ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णांनी मान खाली घालून सगळी आमटी संपवली आणि वाटी पुढे केली. त्यानंतर रोज तीच. निवृत्त झाल्यापासून दिवसभर लायब्ररीत पेपर वाचत बसणारे अण्णा दुपारपासून स्वयंपाकघरात येऊन बसायला लागले, तुझ्या पाठीकडे बघत. आणि मला तू जन्मभर नावाने हाक मारलीस, शेवटच्या त्या दिवसांत मात्र "बाळ" म्हणायला लागलीस. बाळ, जेवलास का. बाळ, कोट घाल. मी चाळिशी गाठलेला माणूस. मला वाटलं, वय झालं की बायका मऊ होतात.

आईचा टाक तू गेल्यावर तुझ्या उशीखाली सापडला होता, गळ्यात नव्हता. तेव्हा मी त्यावर विचार केला नाही. आता करतो. आईची मला काही आठवण नाही, आणि टाकावरचं तोंड तुझ्या बोटांनी पार झिजवून टाकलंय. विचारायचं आहे ते एवढंच: त्या शेवटच्या हिवाळ्यांत तू कुठे होतीस? स्वतःहून बाजूला झालीस, की कुणी तुला विचारलंच नाही? आणि गेलं ते कोण? अग्नी दिला तेव्हा मी कुणासाठी रडलो?

मी हे पाठवणार नाही. पाठवायचं कुठे हा प्रश्न वेगळा, पण एखादी वाट असती तरी नसतं पाठवलं, कारण ते तुझ्या हाती पडलं असतं. तुझी चिंचेची आमटी मी वर्षानुवर्षं निमूट जेवलो. ती नंतरची मला जास्त आवडायची. अण्णांच्यासारखी वाटी पुढे करायचा धीर मला कधी झाला नाही, पण रोज ताटावर बसताना पोटात एकच भीती असायची, की आज तू परत आली असशील.